हाइव्हवर वर्षाचं उद्दिष्ट ठरवताना

हाइव्ह ही ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून जपलेल्या नोंदींच्या साखळीवर, चालणारी लेखनाची जागा. इथे लेखांना वाचकांच्या मतांवरून क्रिप्टो नाण्यांत मोबदला मिळतो, आणि त्यातल्या मुख्य नाण्याचं नावही हाइव्हच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेने विचारलं आहे: हाइव्हवर खातं उघडलं, ओळखीचा पहिला लेख टाकला, आता वर्षभराचा संकल्प करायचा आहे. रोज एक लेख, वर्षअखेर 50,000 रुपये, एक हजार फॉलोअर आणि 'डॉल्फिन' ही (खात्यातल्या गुंतवलेल्या नाण्यांवरून ठरणारी) पायरी, असा आराखडा त्यांनी काढलाय. हा बरोबर आहे का? मराठीत लिहावं की इंग्रजीत? शाळेतल्या मुलांनाही यात आणता येईल का?

ताई, आधी आराखड्याबद्दल. तुमच्या चारपैकी तीन गोष्टी तुमच्या हातात नाहीत, आणि चौथी, म्हणजे रोज लेख, हातात असली तरी शाळा, घर आणि जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची सरकारी कामं सांभाळून तुम्ही ती मार्चपर्यंतही रेटणार नाही. आपल्याकडचा ऊसकरी एकरी किती टन काढायचा ते ठरवतो, दर कारखाना आणि सरकार ठरवतं. हाइव्हवर तसंच आहे. तुमच्या हातात टन आहेत. उद्दिष्ट टनात ठेवा.

रुपयांचा हिशेब एकदा करून बघू, म्हणजे मी उगाच निराश करतोय असं वाटायला नको. डॉलर 85 रुपयांचा धरला तर 50,000 रुपये म्हणजे साधारण 588 डॉलर. आता लेखाखाली जो आकडा दिसतो त्यातला निम्मा मतं देणाऱ्यांना, म्हणजे क्युरेटरना जातो. लेखकाला निम्मा. ही 50-50 वाटणी, हाइव्ह ज्यातून निघालं त्या जुन्या स्टीम साखळीवर ऑगस्ट 2019 मध्ये आली आणि हाइव्हने ती पुढे चालवली. तेव्हा 588 डॉलर तुमच्या पदरात पडायचे तर लेखांखाली मिळून 1,176 डॉलर दिसायला हवेत. रोज एक लेख धरला तर प्रत्येकी सव्वातीन डॉलर, आठवड्याला दोन धरले तर सव्वाअकरा. त्यातही लेखकाच्या वाट्याचा निम्मा भाग एचबीडीत, म्हणजे डॉलरच्या आसपास किंमत ठेवणाऱ्या हाइव्हच्या दुसऱ्या नाण्यात मिळतो आणि निम्मा हाइव्ह पॉवरमध्ये, म्हणजे खात्यात गुंतवून ठेवलेल्या हाइव्ह नाण्यांत अडकून राहतो, म्हणजे लगेच हातात येणारे पैसे आणखी निम्मे. नव्या माणसाच्या लेखाखाली पहिले काही महिने सेंटांत आकडे दिसतात. शिवाय सगळ्या मतांची मिळून किंमत 0.02 डॉलरच्या खाली राहिली तर सात दिवसांनी हाती शून्य येतं. तुमच्या दोन-चार मैत्रिणींनी नवी खाती उघडून तुम्हाला मतं दिली तरी बहुधा याच उंबरठ्याच्या आत अडकाल.

यावर मोठ्यांची मतं मिळाली की झालं, असं नवी माणसं म्हणतात. मिळतातही. पण तो मोठा मतदार सुट्टीवर गेला, त्याने पॉवर काढून घेतली किंवा त्याची आवड बदलली की तुमचा आकडा एका आठवड्यात खाली येतो, आणि हाइव्हचा बाजारभाव दुसरीकडून खाली येतो तो वेगळाच. अशा आकड्यावर वर्षाचा संकल्प बांधला की माणूस दर सात दिवसांनी खचतो. मी असे बरेच लिहिते हात थांबलेले पाहिलेत. त्यातले काही खरोखर चांगले लिहीत होते.

तेव्हा एकक बदला. पैसे मोजायचेच असतील तर हाइव्ह पॉवरमध्ये मोजा, रुपयांत नाही. बाजारात भाव निम्मा झाला तरी तुमच्या खात्यातली पॉवर निम्मी होत नाही. आणि मताचं वजन, लिहिण्याची क्षमता, कारभारातला आवाज, सगळं त्या पॉवरवरच ठरतं. डॉल्फिन ही पायरी सुमारे पाच-सहा हजार हाइव्ह पॉवरची. खिशातून पैसे न घालता पहिल्या वर्षात तिथे पोचणं मराठीत लिहिणाऱ्याला जवळजवळ अशक्य आहे, आणि खिशातून घालायचे असतील तर तो लेखनाचा संकल्प राहत नाही, गुंतवणूक होते. ती शिक्षकाच्या पगारातून करू नका असं माझं मत आहे. पहिल्या वर्षी 'मिनो', म्हणजे पाचशे-सहाशे हाइव्ह पॉवरच्या दिशेने चालत राहणं पुरे. पोचलात तर उत्तम, नाही पोचलात तरी लेख तर साठलेच.

इथे हाइव्हच्या रचनेतली एक गोष्ट वर्ष आखणाऱ्याच्या फार सोयीची आहे. हाइव्ह पॉवर मोकळी करायची, म्हणजे पॉवर-डाउन करायचा, तर ती एकदम मिळत नाही. 13 आठवड्यांत, दर आठवड्याला एक हप्ता अशी मिळते. तेरा चोक बावन्न. वर्ष आपसूक चार तुकड्यांत पडतं. मी वर्षाचा आढावा दर 13 आठवड्यांनीच घेतो. आज पैसे काढायचं ठरवलं तर पुढच्या तिमाहीच्या शेवटी पूर्ण मोकळे होणार, हे डोळ्यासमोर असलं की भाव पडला म्हणून रात्री अकराला घेतलेले निर्णय टळतात. एखाद्याला दिलेलं डेलिगेशन, म्हणजे वापरायला उसनी दिलेली पॉवर, परत घेतलं तर ती पॉवर पाच दिवसांनी वापरता येते, आणि बचतखात्यात ठेवलेली एचबीडी काढायला तीन दिवस लागतात, हेही लक्षात असू द्या. ज्या पैशांची मुलाच्या फीसाठी गरज पडेल ते इथे ठेवूच नयेत.

एचबीडीच्या बचतीबद्दल आपल्या भागात फार गैरसमज आहे म्हणून थोडं थांबतो. एचबीडीची किंमत एका अमेरिकी डॉलरच्या आसपास राहावी अशी व्यवस्था आहे, आणि बचतीत ठेवलेल्या एचबीडीवर व्याज मिळतं. त्याचा दर 'विटनेस' म्हणजे साखळी चालवणारे निवडून आलेले संगणकचालक ठरवतात. 2022 मध्ये तो वर्षाला 20 टक्क्यांवर गेला होता, पुढे 15 वर आला, आणि केव्हाही पुन्हा बदलू शकतो. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, इथे कसलंही नाही. पतसंस्था बुडाल्यावर काय होतं ते सीमाभागात कुणाला वेगळं सांगायला नको. लेखनातून मिळालेली एचबीडी तिथे ठेवायला हरकत नाही. घरातून काढून आणलेले पैसे ठेवू नयेत.

आता टनांकडे येऊ, म्हणजे कामाकडे.

आठवड्याला दोन लेख ठरवा. वर्षाचे 104 होतात, त्यातले वीस-पंचवीस गळाले तरी ऐंशीच्या आसपास राहतात, आणि ऐंशी बरे लेख ही कुठल्याही लेखकासाठी मोठी गोष्ट आहे. पण ते वर्षभर सारखे वाटू नका. आपलं वर्ष सारखं नसतं. खानापूर तालुक्यात मेअखेर धूळवाफ पेरणी सुरू झाली की घरातलं प्रत्येक माणूस शेतात असतं. जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस इतका धरतो की झाड पडून तार तुटते, दोन-दोन दिवस वीज नसते, टॉवर बंद पडतो. त्या काळात आठवड्याला एकही लेख गेला नाही तरी चालेल असं आधीच ठरवून टाका. मात्र वहीत लिहीत राहा, मोबाइलवर कच्चे खर्डे साठवा. एक काळजी घ्या: लेख प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसच त्यावर मोबदला जमतो, म्हणून वीज येताच साठलेले सहा लेख एका दिवशी टाकू नका. दोन-दोन दिवसांच्या अंतराने सोडा.

उलट हिवाळ्यात भरपूर लिहा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी या गावांची मराठी साहित्य संमेलनं त्याच दिवसांत असतात, आणि एका गावाने मांडव घालून साहित्य संमेलन भरवणं ही गोष्ट बाहेरच्या वाचकाला थक्क करते. पुढे वैशाखात बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. या दोन विषयांवरच माझ्या ओळखीतल्या नवख्यांना त्यांची पहिली धड मतं मिळाली आहेत, कारण जगभरातल्या हाइव्हवर हे लिहिणारं दुसरं कोणीच नव्हतं. बिटकॉइनचा भाव कुठे जाणार यावर मात्र हजारो लोक लिहितात. तुम्ही नाही लिहिलंत तर कुणाचं अडणार नाही.

तुमच्या तालुक्याकडे बघा. खानापूरची माती, कौलं आणि भांडी. हलशीची कदंबकालीन देवळं. मलप्रभेचा उगम. थोडं पुढे आलात तर शहापूर-वडगावचे विणकर, त्यांच्या मागांचा रात्रीचा आवाज. निपाणीकडे तंबाखू, बिड्या वळणाऱ्या बाया, आणि 1981 चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन, ज्यात शरद जोशी होते आणि जे पाहिलेली माणसं आता सत्तरीत आहेत. यातला एकेक विषय म्हणजे चार-सहा लेखांची मालिका. वर्षाच्या सुरुवातीला अशा तीन मालिका ठरवा. "104 लेख" या उद्दिष्टापेक्षा "कुंभारवाड्यावर सहा लेख" हे उद्दिष्ट माणसाला जास्त काळ लिहितं ठेवतं.

लेखाइतकंच मोजण्यासारखं दुसरं काम म्हणजे प्रतिक्रिया. नव्या माणसाला हाइव्हवर ओळख मिळते ती दुसऱ्याच्या लेखाखाली. रोज तीन लेख मन लावून वाचायचे आणि त्याखाली त्या लेखाबद्दलच काही लिहायचं. "छान लेख, मलाही फॉलो करा" लिहिलंत तर लोक लांब पळतात. फॉलोअरचा आकडा सोडून द्या. तो मोबदल्यात कुठेही मोजला जात नाही, आणि हजारातले नऊशे जण खातं उघडून विसरलेले असतात. त्याऐवजी तिमाहीअखेर एवढंच पाहा की किती माणसांशी दोन्हीकडून बोलणं झालं. दहा-बारा झाली तरी पहिल्या तिमाहीला पुष्कळ.

मतांचंही थोडं शिस्तीत ठेवा. पूर्ण वजनाचं एक मत दिलं की मतशक्ती 2 टक्के खर्च होते आणि दिवसाला 20 टक्के भरून येते. म्हणजे रोज दहा मतं देऊनही तुम्ही काही गमावत नाही. टाकी भरलेली असताना न दिलेलं मत वाया जातं, ते साठत नाही. लेखाच्या पहिल्या 24 तासांत मत दिलंत तर वेळेमुळे क्युरेशनचा वाटा घटत नाही, उशीर होत गेला की कमी होतो. तुमची पॉवर नगण्य असताना यातून मिळणारं उत्पन्नही नगण्य, पण रोज वाचायची सवय लागते, आणि मला तीच हवी आहे.

भाषेचा प्रश्न. मराठीत लिहा. हाइव्हवर मराठी वाचक मोजके आहेत, मोठ्या पॉवरचे तर बोटावर मोजण्याइतकेही नाहीत, हे मान्य करूनच सांगतो. तुमची इंग्रजी चांगली असेल तरी कुंभारवाड्यातल्या आजीचं बोलणं इंग्रजीत गेलं की त्यातला अर्धा जीव जातो. लेख मराठीत ठेवा आणि खाली पाच-सात ओळींत इंग्रजी सार द्या. ते सार स्वतः लिहा, मोडकंतोडकं चालेल. यंत्राने केलेला मजकूर स्वतःचा म्हणून टाकणं इथे उचलेगिरीच धरलं जातं. हाइव्हवॉचर्स नावाचा गट अशा गोष्टींवर लक्ष ठेवतो, आणि पकडलं गेलं की डाउनव्होट, म्हणजे विरोधी मतं, मिळून लेखाचा मोबदला पुसला जातो. बेळगावच्या दैनिकात पूर्वी छापून आलेला तुमचाच लेख असला तरी तसं वर स्पष्ट लिहा, नाहीतर चोरीचा संशय तुमच्यावरच येतो.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी एक तांत्रिक बाब आहे जी इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सापडत नाही. रोमन अक्षर संगणकात एक बाइट जागा घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं. हाइव्हचा एक ब्लॉक जास्तीत जास्त 64 किलोबाइटचा, तेव्हा त्याहून मोठा लेख एका खेपेत बसत नाही. इंग्रजीत लिहिणारा या मर्यादेच्या जवळही जात नाही. आपण तीन-साडेतीन हजार शब्दांपाशी पोचलो की भिंतीला टेकतो. शिवाय लिहिण्यासाठी लागणारं 'रिसोर्स क्रेडिट' बाइटांच्या हिशेबाने खर्च होतं, त्यामुळे अगदी नव्या खात्यावरून लांब मराठी लेख टाकताना क्रेडिट अपुरं असल्याचा संदेश येतो आणि माणूस आपलंच काही चुकलं समजून गोंधळतो. उपाय दोन: लेख हजार-बाराशे शब्दांत ठेवा, आणि एखाद्या जुन्या सदस्याकडून थोडं क्रेडिट डेलिगेशनने मागून घ्या. 2022 पासून नुसतं क्रेडिटही उसनं देता येतं, त्यात देणाऱ्याची हाइव्ह पॉवर जात नाही, त्यामुळे मागायला संकोच नको.

आणखी एक. मजकूर साखळीवर कायमचा राहतो, फोटो राहत नाहीत. फोटो साध्या सर्व्हरवर असतात आणि लेखात त्यांचा फक्त दुवा असतो. तो सर्व्हर उद्या बंद पडला तर लेखात रिकामी चौकट दिसेल. तेव्हा वर्षभराच्या मूळ छायाचित्रांची नीट नावं घालून घरी एक प्रत आणि दुसऱ्याच्या घरी एक प्रत, हे उद्दिष्टांच्या यादीत लिहा. ओव्या, जुनी मोडी कागदपत्रं, बंद पडलेल्या भट्ट्या असं काही टिपणार असाल तर हे लेखांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं आहे.

कायमचा राहतो याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. लेख नंतर दुरुस्त करता येतो, पण आधीचा मजकूर साखळीच्या इतिहासात तसाच सापडतो. पुसण्याची सोय नाही. आपल्या भागात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचे 17 जानेवारी आणि 1 जून येतात, काळ्या दिनाचा 1 नोव्हेंबर येतो, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, आणि त्या दिवसांत माणसं तापलेली असतात. लिहू नका असं मी म्हणणार नाही, सीमाभागात राहून सीमाप्रश्नावर गप्प बसणं कुणाला जमणार? पण तुम्ही सरकारी शाळेत असाल तर सेवेचे नियम आहेत, आणि रागाच्या भरात लिहिलेली एक ओळ दहा वर्षांनीही जशीच्या तशी काढून दाखवता येते. असा लेख लिहून झाला की एक रात्र जाऊ द्या. ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांनाही हे सांगणं तुमच्यावर आहे. विणकराने कर्जाबद्दल बोललेलं वर्तमानपत्रात छापून रद्दीत जातं, इथे जात नाही. "हे कधीच काढता येणार नाही, चालेल का?" असं विचारा, आणि नाही म्हणाले तर नाव-गाव गाळा.

किल्ल्यांबद्दल, म्हणजे 'की'बद्दल, तुम्ही काहीच विचारलं नाहीत. बहुतेक जण विचारत नाहीत. पहिल्या महिन्याचं एकच उद्दिष्ट ठेवायचं असेल तर मी हे ठेवेन. हाइव्हवर "पासवर्ड विसरलात?" असं बटण नाही. मास्टर पासवर्ड आणि त्यातून निघणाऱ्या ओनर, अॅक्टिव्ह, पोस्टिंग आणि मेमो या चार की कागदावर छापून दोन वेगळ्या घरी ठेवा. तुमच्याकडच्या पावसात कपाटातला कागदही ओलसर होतो, तेव्हा प्लास्टिकमध्ये. रोज लिहायला, मत द्यायला फक्त पोस्टिंग की लागते, तीच मोबाइलमध्ये असू द्या. पैसे हलवायला अॅक्टिव्ह, ती हाइव्ह कीचेनसारख्या, की सांभाळणाऱ्या अॅपमध्ये. ओनर की मोबाइलमध्ये कधीच नको. ती चोरीला गेली तर 30 दिवसांच्या आत जुनी ओनर की आणि तुमचं रिकव्हरी खातं (खातं परत मिळवायला मदत करणारं, आधीच नेमलेलं दुसरं खातं) या दोघांच्या मदतीने खातं परत मिळवता येतं. म्हणून रिकव्हरी खातं म्हणून कुणाचं नाव लागलंय ते आज पाहा. ते बदललं तर बदल लागू व्हायला 30 दिवस जातात, त्यामुळे चोरी झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. आणि व्हॉट्सअॅपवर कुणी "तुमच्या खात्याचं व्हेरिफिकेशन करायचंय, मास्टर पासवर्ड पाठवा" म्हणालं तर ते कितीही गोड बोललं तरी चोर आहे.

वर्षातून एकदाच करायचं एक काम यादीत हवं: विटनेसना मत. प्रत्येक खात्याला 30 विटनेसना मत देता येतं, आणि ही मतं वर्षभर हात न लावता पडून राहिली तर बाद होतात. छोट्या खात्याच्या मताने काय फरक पडतो असं वाटेल. 2020 मध्ये काय झालं ते थोडक्यात सांगतो. हाइव्हच्या आधी आम्ही सगळे स्टीमवर होतो, ती साखळी 2016 मधली. फेब्रुवारी 2020 मध्ये ट्रॉन या दुसऱ्या क्रिप्टो साखळीच्या जस्टिन सन यांनी स्टीम साखळीमागची स्टीमिट ही कंपनी विकत घेतली, कंपनीकडे सुरुवातीपासून असलेल्या नाण्यांचा मोठा साठाही त्याबरोबर गेला. समुदायाच्या विटनेसनी तो साठा गोठवला. मार्चच्या सुरुवातीला एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांत, ग्राहकांनी ठेवलेल्या नाण्यांची मतंही सन यांच्या बाजूने पडली आणि एका दिवसात वरचे विटनेस बदलले गेले. मग समुदायाने साखळीची नवी शाखा काढली, 20 मार्च 2020 ला हाइव्ह सुरू झालं, आणि कंपनीचा तो साठा नव्या साखळीवर आणला नाही. लोकांचे तोपर्यंतचे लेख मात्र दोन्हीकडे राहिले. तेव्हा ज्यांची नाणी एक्स्चेंजवर पडून होती त्यांच्या मताचा वापर दुसऱ्यानेच केला. नाणी स्वतःच्या खात्यात, पॉवर करून आणि मत स्वतः दिलेलं, हे बरं. दर महिन्याच्या 1 तारखेला पॉवर-अप करण्याची, म्हणजे मोकळी नाणी पॉवरमध्ये घालण्याची, हाइव्हवर प्रथा आहे, ती लावून घ्या. साखळीचं घड्याळ यूटीसीवर चालतं, म्हणून आपल्याकडे ती 1 तारीख पहाटे साडेपाचला सुरू होते.

कराचं थोडक्यात उरकतो, कारण तिथे तुमच्या सीएचा शब्द शेवटचा. 2022 च्या अर्थसंकल्पापासून आभासी मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आणि वर उपकर, तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही, आणि ठरावीक रकमेपुढच्या व्यवहारांवर 1 टक्का टीडीएस, असे नियम आहेत. तुम्ही एवढंच करा: मोबदला जमा झाला की तारीख, किती मिळालं आणि त्या दिवशीचा रुपयांतला भाव वहीत लिहा. वर्षअखेर हे शोधत बसणं म्हणजे डोकेदुखी. पैशांची वही 1 एप्रिलला सुरू करा. लेखनाचं वर्ष पाडव्यापासून धरलंत तर दोन्ही जवळजवळ जुळतात, आणि जानेवारीतल्या संकल्पांची जी गत होते तीही टळते.

राहिला मुलांचा प्रश्न. विद्यार्थ्यांची खाती उघडून देऊ नका, आणि त्यांचे चेहरे, पूर्ण नावं, गावाचा पत्ता तुमच्या लेखातही नको. वीस वर्षांची झाल्यावर त्यांना ते काढून टाकावंसं वाटेल आणि तुम्ही काहीच करू शकणार नाही. मुलांना लिहितं करायचंच असेल तर वर्गाचं हस्तलिखित काढा, त्यांना आजी-आजोबांकडून ओव्या, भाताच्या जुन्या वाणांची नावं, कौलांच्या भट्टीच्या गोष्टी गोळा करायला लावा. त्या हस्तलिखितावर तुम्ही स्वतःच्या खात्यावरून लेख लिहा, आणि मिळालेल्या एचबीडीतून पुढच्या अंकाचा कागद आणा. पालकांना ते पैसे कुठून आले हे मात्र आधी समजावून सांगा, नाहीतर "बाई ऑनलाइन सट्टा खेळतात" अशी बातमी खानापूरच्या बाजारात पोचायला एक रविवार पुरतो.